डबल ल्युमेन ट्यूबची (दोन्ही फुफ्फुसांना वेगवेगळी हवा देता येते अशी श्वासनळीतली दुहेरी नळी) भीती वाटतेय ना, मग हे वाच
अगं, थोरॅसिकची, म्हणजे छातीच्या ऑपरेशन्सना भूल द्यायची पोस्टिंग लागली म्हणून घाबरू नकोस, फक्त आधी ब्रॉन्कोस्कोपीतली (कॅमेऱ्याच्या नळीतून, म्हणजे स्कोपमधून दिसणारी श्वासनळीची) अ‍ॅनाटॉमी डोळे मिटून दिसेल इतकी पक्की कर. उजवा मेन ब्रॉन्कस (श्वासनळीची उजव्या फुफ्फुसात जाणारी मुख्य फांदी) जेमतेम २ सेंमी, डावा ५ च्या आसपास, म्हणूनच आपण शक्यतो डावी ट्यूब टाकतो, उजवीत अप्पर लोब (फुफ्फुसाचा वरचा भाग) बंद व्हायची भीती फार. आणि पेशंटला कुशीवर वळवलं की स्कोप परत घालून बघायचाच, मी सुरुवातीला एकदा नुसत्या स्टेथोवर विश्वास ठेवला, ट्यूब सरकलेली होती आणि सॅच्युरेशन ८२ वर आलं, ती केस अजून आठवते मला.

वन लंगवर, म्हणजे एकाच फुफ्फुसाला हवा देत असताना, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडलं तर ऑक्सिजन १००%, सर्जनला मोठ्याने सांग, लगेच ट्यूबची पोझिशन बघ, मग खालच्या, हवा चालू असलेल्या फुफ्फुसाला पीप (श्वास सोडल्यावरही थोडा दाब), वरच्या, बंद ठेवलेल्याला सीपॅप (ऑक्सिजनचा सतत हलका दाब), तरी पडतच राहिलं तर दोन्ही फुगव. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात द्यायची हवा) ४ ते ६ मिली प्रति किलो, त्याच्या वर नको.

एपिड्युरल, पॅराव्हर्टिब्रल (पाठीच्या कण्याजवळ औषध देऊन दुखणं कमी करायच्या पद्धती) मात्र मनापासून शीक, दुखत असेल तर पेशंट खोकतच नाही गं. एमडीनंतर हेच करायचं असेल तर डीएम कार्डिअ‍ॅक अ‍ॅनेस्थेशिया (एमडीनंतरचा सुपर स्पेशालिटी कोर्स) बघ, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये आहे, पण त्याआधी परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ऑब्झर्वर म्हणून जाता आलं तर नक्की जा, फुफ्फुसाच्या आणि अन्ननलिकेच्या केसेस तिथे भरपूर असतात.