डबीतले आठ आणि सोडलेली जुडी : बेरीज-वजाबाकीबद्दल पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. ८ + ५ विचारलं की दर वेळी बोटांवर एकपासून मोजायला लागतो आणि बोटं संपली की गोंधळतो. बोटांवर मोजायची सवय मोडावी का?

उत्तर : मोडू नका. या वयात बोटं काढून घेतली की मूल अंदाजाने उत्तरं ठोकू लागतं. बदलायची आहे ती मोजण्याची रीत. सध्या तो आठ मोजतो, मग पाच मोजतो आणि सगळं मिळून पुन्हा एकपासून मोजतो. पुढची पायरी म्हणजे 'आठ मनात, पाच बोटांवर'. हे नुसतं सांगून जमत नाही, कारण एकदा मोजलेले आठ पुन्हा मोजावे लागत नाहीत, हा भरवसा त्याला अजून वाटत नाही.

एका डबीत त्याच्यासमोर ८ बिया मोजून टाका, झाकण लावा, झाकणावर ८ लिहा. बाहेर ५ बिया मांडा आणि विचारा, सगळ्या मिळून किती? सुरुवातीला तो झाकण उघडून मोजायला बघेल, उघडू द्या. रोज पाच-सात वेळा खेळलात की हळूहळू तो स्वतःच डबीकडे बघून 'आठ' म्हणेल आणि बाहेरच्या बियांवर 'नऊ, दहा, अकरा…' करत जाईल.

इथे एक चूक हमखास होते. बाहेरच्या पहिल्या बीवर बोट ठेवूनच मूल 'आठ' म्हणतं आणि उत्तर १२ येतं. उत्तरं सारखी एकाने कमी येत असतील तर बहुधा कारण हेच. 'आठ' म्हणताना डबीवर टपली मारायची आणि बियांना 'नऊ'पासूनच हात लावायचा, एवढं ठरवून दिलं की पुरतं.

हे बसल्यावर ३ + ९ द्या. तीन मनात धरून नऊ बोटं मोजायला लागला, तर थांबवू नका. उत्तर आल्यावर 'नऊ मनात धरून बघ' म्हणा. कोणतं लवकर होतं ते त्यालाच कळेल. त्याच सुमारास १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६, ५ आणि ५ या दहाच्या जोड्या पक्क्या करून घ्या. आधी काही पाठ करायचंच असेल तर ते एवढंच. मग ८ + ५ मध्ये पाचातले दोन आठाला देऊन दहा होतात, तीन उरतात, तेरा.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिते. उसना कसा घ्यायचा ते अनेकदा समजावलं, तरी तेच.

उत्तर : हे ३५ दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतं. एक, दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने उलट सातातून दोन काढले : ५, आणि दशकाचे ३. दुसरी वाट म्हणजे उसना बरोबर घेतला, १२ − ७ = ५ केलं, पण दशकाच्या ५ चे ४ करायला विसरली. दोन्हीकडे ३५च. म्हणून आधी तिला ५२ − २८ द्या. ३६ आलं तर ती उलट वजा करते, ३४ आलं तर दशक कमी करायला विसरते. बरोबर उत्तर २४.

उलट वजा करण्याचं बीज बरेचदा आपणच पेरतो. 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं' हे वाक्य ती दर घरापुरतं पाळते. ते वाक्य बोलणंच सोडा.

मग आठवडाभर वही बाजूला ठेवून साठ-सत्तर काड्या आणि रबरबँड घ्या. दहा-दहाच्या जुड्या बांधायला तिलाच सांगा. ५ जुड्या आणि २ सुट्या काड्या मांडून म्हणा, 'मला २७ दे.' बहुतेक मुलं आधी दोन जुड्या देतात, मग सातासाठी अडतात. अडू द्या. जुडी सोडायची कल्पना तिचीच असली पाहिजे, तरच पुढे ती विसरत नाही. सोडली की सुट्या १२, त्यातल्या ७ दिल्या, ५ उरल्या, जुड्या २. आधी दशक दिलं म्हणून टोकू नका, काड्यांत ते चालतं.

नंतर काड्या आणि वही शेजारी-शेजारी. जुडी सोडली की त्याच क्षणी ५ खोडून ४, आणि २ च्या जागी १२. हातातली कृती आणि खोडणं यांत वेळ गेला की खोडणं पुन्हा बिनअर्थाचं होतं. काही मुलं सोडलेल्या दहातूनच सात काढतात आणि आधीच्या दोन काड्या विसरतात, उत्तर २३ येतं. त्यावर उपाय म्हणजे सोडलेल्या काड्या सुट्यांत मिसळून एकत्र मोजायला लावणं. शेवटी २५ + २७ करून ५२ परत येतात का, ते तिनेच पाहावं.

प्रश्न : 'एकोणतीस' सांगितलं की मुलगा ३९ लिहितो.

उत्तर : 'तीस' ऐकू येतं म्हणून तो ३ लिहितो, चूक अगदी साहजिक आहे. एकोण म्हणजे एक कमी. ३० काड्या मांडा, एक उचला, उरलेल्यांचं नाव एकोणतीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हेच चालतं. ९९ मात्र नव्व्याण्णव. हे पक्कं होईपर्यंत दोन अंकी बेरजा तोंडी न सांगता लिहून द्या, नाहीतर संख्या लिहिण्यातली चूक बेरजेतली वाटते.

प्रश्न : शाब्दिक उदाहरणात 'जास्त' शब्द दिसला की मुलगी बेरीजच करते.

उत्तर : शब्दावरून क्रिया ओळखायला शिकवलं की असं होतं. 'ताईकडे ९ मणी आहेत, दादापेक्षा ४ जास्त. दादाकडे किती?' इथे 'जास्त' आहे, पण उत्तर ५. आकड्यांना हात लावण्याआधी एकच विचारा : जास्त कोणाकडे? मग एकाखाली एक दोन पट्ट्या काढायच्या, ताईची लांब, दादाची आखूड. लांब पट्टीवर ९ लिहायचे आणि तिच्या पुढे आलेल्या तुकड्यावर ४. पट्ट्या काढून झाल्यावरच बेरीज की वजाबाकी ते तिने ठरवायचं.