आईच्या हातचा वासुदेव

प्रश्न : आईनं हातानं केलेला वीतभर उंचीचा वासुदेव आमच्याकडे आहे. चेहरा कागदाच्या लगद्याचा, अंगात तार आणि चिंध्या. टोपाच्या मोरपिसांना कसर लागलीय, झगा विरलाय, टाळेचा हात लोंबतोय. घरातल्याच टाकाऊ वस्तूंतून तो पुन्हा उभा करून जर्मनीतल्या लेकीला द्यायचा आहे. सुरुवात कशी करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, चेहऱ्याला रंग लावू नका. फिकट झाल्या तरी त्या भुवया तुमच्या आईनं काढलेल्या आहेत, त्या तशाच राहू द्या. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ तेवढी झटका. लगद्याला पाण्याचा थेंबही नको.

आधी कसरीचा बंदोबस्त. खराब पिसं काढून टाका. बाहुला पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर गार लगद्यावर ओल धरते.

हातासाठी जुन्या वायरिंगमधली तांब्याची तार सोलून दुहेरी पिळा आणि खांद्यातून आरपार घाला. तिच्यावर विरलेल्या झग्याच्याच पट्ट्या गुंडाळा, म्हणजे आईनं निवडलेलं कापड बाहुल्याच्या अंगातच राहील.

खरी कसोटी झग्याची. वासुदेव गिरकी घेतो तेव्हा कमरेखालचा घेर फुलतो, तो दिसलाच पाहिजे. नवं कापड एवढ्याशा मापात ताठ राहतं, म्हणून वर्षानुवर्षं धुतलेल्या मलमलच्या धोतराचा तुकडा घ्या. चुण्या घालत बसू नका. बाहुला माणसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाचा असला तरी कापडाची जाडी काही त्या हिशेबानं कमी होत नाही, सगळा बोंगा कमरेशी जमतो. त्यापेक्षा गोल घेर कापा, मध्ये कमरेपुरतं भोक ठेवा आणि ते अंगरख्याला शिवा. जुनेपणा यावा म्हणून चहाच्या पाण्यात कापड बुडवा, असं कुणी सांगेल. मला ते मुळीच पटत नाही. चहानं सूत पुढे लवकर कुजतं.

टोपाला जुन्या लग्नपत्रिकेचा शंकू करा. मोरपिसं मात्र घालू नका. आपसूक गळलेली पिसं देशात विकत मिळतात, पण ती परदेशी पाठवायला बंदी आहे. शिवाय पिसाचा डोळा एवढ्याशा टोपावर अवाढव्य दिसतो. जुन्या रेशमी साडीच्या पदरातले हिरवे, निळे आणि थोडे जरीचे धागे उसवून घ्या. शंकूवर कापड चढवा आणि कौलं शाकारतात तसे त्यांचे झुबके खालून वर, ओळीवर ओळ टाकत टाके घालून बसवा. डिंक किंवा खळ वापरू नका, कीड तिथेच पहिली येते.

राहिली टाळ. टिचबटणाची दोन अंगं दोऱ्यात ओवा. पितळी मिळाली तर फारच छान. दुसऱ्या हातात चिपळ्या हव्यात, त्या आइस्क्रीमच्या काडीतून निघतील. कमरेला शेला बांधून झाला की खराट्याच्या हिराचा पावा तिथे खोचा.