पिनबॉल मशीनचं प्लेफिल्ड उचलताना घाई नको रे

पहिल्यांदाच उघडतोयस ना, मग नुसता स्विच बंद करून भागणार नाही, प्लगच काढ, फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, 50 व्होल्टच्या आसपास जातात. काच सरकवून काढलीस की गादीवर ठेव, लादीवर कोपरा आपटला तर टफन्ड काचेचा क्षणात चुरा होतो. बॉल सगळे आधी बाहेर, 80 ग्रॅमचा एकेक असतो. मग प्लेफिल्ड, म्हणजे बॉल ज्यावर फिरतो ती फळी, सावकाश उचल, टेकूचा दांडा नीट बसलाय ना बघ.

आपल्या मालवणात खारा वारा, पावसाळ्यात बॉल आणि स्प्रिंगा गंजतात, आणि गंजका बॉल म्हणजे प्लेफिल्डवर पॉलिशपेपर फिरवल्यासारखंच, लगेच बदल. फ्लिपर, म्हणजे बॉल उडवणारा दांडू, जड झाला तरी तेल घालू नकोस बाबा, धूळ चिकटून आणखी अडकतो, कॉइलची स्लीव्हच, म्हणजे आतली नळी, नवीन टाक.