कोरा रकाना म्हणजे नावड नव्हे

प्रश्न : आम्ही चौघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाने सभासदांची नावं काढून देवघेवीच्या नोंदी आम्हाला दिल्या : सुमारे १२ हजार सभासद, ६० हजार पुस्तकं, ३ लाख नोंदी. कोणाला कोणतं पुस्तक सुचवायचं, यासाठी एएलएस (आल्टरनेटिंग लीस्ट स्क्वेअर्स; सभासद आणि पुस्तकं यांच्या आवडीचे आकडे आळीपाळीने काढणारी) पद्धत आम्ही पायथनमध्ये स्वतः लिहिली. थोड्या सभासदांवर ती ९९.९ टक्के अचूक येते. सगळा डेटा दिला की ८ जीबीचा लॅपटॉप बसतो. गाइड मॅडम म्हणतात, कोड सायकिट-लर्नला, म्हणजे पायथनमधल्या मशीन लर्निंगच्या खुल्या लायब्ररीला, पाठवा. घेतील का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आधी त्या ९९.९ टक्क्यांचं बघू, कारण तोंडी परीक्षेत तेच अंगाशी येणार. ओळीला एक सभासद आणि स्तंभाला एक पुस्तक असा तक्ता मांडला, तर १२ हजार गुणिले ६० हजार म्हणजे ७२ कोटी रकाने. त्यांतले भरलेले ३ लाख, म्हणजे शेकडा ०.०४. 'कोणीही काहीही नेणार नाही' एवढी एकच ओळ मी लिहिली, तरी तुमच्याइतकी अचूक ठरेन. तो आकडा अहवालातून काढा. नोंदी तारखेनुसार तोडा, शेवटचे काही महिने बाजूला ठेवा आणि सुचवलेल्या पहिल्या दहांपैकी किती पुस्तकं सभासदाने खरोखर नेली ते मोजा. शेजारी 'सर्वाधिक नेलेली दहा पुस्तकं' ही साधी यादीही तपासा. पुष्कळदा तीच नाकी नऊ आणते. बाजूला ठेवलेले महिने दिवाळी अंकांच्या योजनेचे मात्र नकोत; तेव्हा झाडून सगळे तेच अंक नेतात.

आता कोरे रकाने. सभासदाने पुस्तक नेलं नाही, याचा अर्थ ते त्याला आवडत नाही असा होत नाही. एकच प्रत असेल, ती कायम बाहेर असेल, किंवा वरच्या फळीवर हात पोचत नसेल. यावरचा उपाय यिफान हू, यहुदा कोरेन आणि ख्रिस वोलिन्स्की यांनी २००८ च्या निबंधात दिला. नेलं तर पसंती १, नाही तर ०. पण त्या ० वर भरवसा कमी आणि १ वर जास्त. भरवसा म्हणजे १ अधिक अल्फा गुणिले पुस्तक नेल्याच्या वेळा; अल्फा हा आपण ठरवायचा आकडा. त्यांच्या टीव्ही बघण्याच्या डेटावर अल्फा ४० चांगला चालला. तुमचा तुम्ही शोधा. मुदतवाढ ही दुसरी वेळ म्हणून मोजू नका. मुदत वाढवणारा पुस्तकात रमलाय की ते उशाशी ठेवून विसरलाय, हे रजिस्टर सांगत नाही.

लॅपटॉप का बसतो? नमपाय हे पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज प्रत्येक रकान्याला ८ बाइट देतं, म्हणजे एकटा तक्ताच पावणेसहा जीबी. भरवशाचा तसाच दुसरा केला असेल, तर संपलंच. सायपाय या जोडपॅकेजात विरळ तक्त्यांसाठी सीएसआर नावाची रचना आहे, तिच्यात फक्त भरलेले रकाने ठेवा. तुमचे ३ लाख ४ एमबीच्या आत मावतात.

पण कोऱ्या रकान्यांवरही थोडा भरवसा आहे, मग प्रत्येक सभासदासाठी ६० हजार पुस्तकं फिरायची का? नाही, आणि या पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी जागा हीच. एएलएसमध्ये पुस्तकांचे आकडे स्थिर धरून सभासदांचे सोडवतो, मग उलट. प्रत्येक सभासदाला आणि पुस्तकाला आवडीचे ५० आकडे दिले असतील, तर 'सगळी पुस्तकं, भरवसा १' हा भाग म्हणजे ५० बाय ५० चा एक तक्ता, आणि तो सर्व सभासदांना सारखाच. फेरीत एकदाच काढून ठेवा. मग सभासदागणिक त्याने नेलेल्या पुस्तकांपुरती, म्हणजे सरासरी २५ पुस्तकांची, वाढीव भर घाला. उत्तर तंतोतंत तेच येतं.

सायकिट-लर्न घेईल असं मला वाटत नाही, मॅडमना तसं सांगा. प्रकाशनाला तीन वर्षं, दोनशेवर उद्धरणं आणि व्यापक वापर ही त्यांची अट हा निबंध सहज पार करेल; अडचण साच्याची आहे : कोरे रकाने वेगळे धरणारी पद्धत तिथे नीट बसत नाही. तिथलं एनएमएफ, म्हणजे तक्ता दोन लहान तक्त्यांत फोडणारी तिथली पद्धत, कोऱ्या रकान्याला खरंखुरं शून्यच मानतं. शिवाय 'इम्प्लिसिट' नावाच्या पायथन लायब्ररीत आणि अपाचे स्पार्क या मोठ्या डेटासाठीच्या प्रणालीत हीच पद्धत आधीपासून आहे. तुमचे आकडे स्पार्कशी जुळले नाहीत, तर घाबरू नका : तिथे अल्फा मुळात १ असतो आणि लॅम्डाला (आकडे फार फुगू नयेत म्हणून लावलेल्या दंडाला) नोंदींच्या संख्येने गुणतात.

मी तुमच्या जागी असते, तर 'इम्प्लिसिट'चे उघडे इश्यू (नोंदवलेल्या, अजून न सुटलेल्या अडचणी) वाचून चाचण्या लिहायला घेतल्या असत्या. प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर (आधी सभासद, मग पुस्तकं) एकूण चूक, लॅम्डाचा दंड धरून, वाढता कामा नये. छोट्या तक्त्यावर जलद रीत आणि सगळे रकाने फिरणारी सरळ रीत यांचं उत्तर एकच यावं. एकही पुस्तक न नेलेल्या सभासदामुळे कोड कोलमडू नये. हे तिथे आधीच असेल, तर कागदपत्रांत भर घाला. मोठा पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) पाठवण्याआधी इश्यूवर विचारून घ्या. आणि चाचणीसाठी तक्ता रँडम आकड्यांचा, सीड ठरवून बनवा, म्हणजे दर वेळी तेच आकडे येतील. वाचनालयाच्या नोंदी रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सर्वांना दिसणाऱ्या साठ्यात, टाकू नका. नावं काढली असली, तरी कोणी लागोपाठ काय वाचलं यावरून पेठेत माणूस ओळखू येतो.