वॉरंटी शिल्लक असताना इंजिनाची सिलिंडर-यंत्रणा बंद करावी का?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ, फोर्ट बेंड काउंटीत राहतो. साडेतीन वर्षांपूर्वी 5.3 लिटर व्ही-8 इंजिनाचा पिकअप ट्रक नवा घेतला. तो आजवर 46,000 मैल चालला असून पॉवरट्रेन (इंजिन व गिअरबॉक्स) वॉरंटी 5 वर्षे किंवा 60,000 मैल, यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत आहे. गेले काही महिने सकाळी इंजिन सुरू करताना टकटक आवाज येतो. डीलरने दोनदा तपासून ‘आवाज सर्वसाधारण आहे’ असे सांगत ट्रक परत केला. ओळखीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की पेट्रोल वाचवण्यासाठी काही सिलिंडर आपोआप बंद करणारी यंत्रणाच लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे भाग, खराब करते. तेव्हा डॅशबोर्डखालच्या पोर्टमध्ये एक छोटे उपकरण लावावे, नाहीतर ती यंत्रणा मुळातूनच काढून टाकावी. ‘काहीही लावलेत तर वॉरंटी रद्द,’ असे डीलरकडचा सर्व्हिस ॲडव्हायझर सांगतो. असा बदल बेकायदेशीर आहे का, वॉरंटी खरोखर जाते का, आणि उद्या ट्रक विकताना हे सांगावे लागेल का?

उत्तर : तुमच्या ट्रकच्या कंपनीचे आणि डीलरचे नाव मी मुद्दामच वगळले आहे, कारण उत्तर त्यावर अवलंबून नाही. पहिला सल्ला आधीच देतो : वॉरंटीची मुदत चालू आहे तोवर इंजिनात, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्या पोर्टमध्ये काहीही बसवू नका. याचे मुख्य कारण दंडाची भीती हे नाही. आज वाद कंपनीच्या सदोष भागाचा आहे. तुम्ही बदल केलात की तोच वाद तुमच्या बदलाचा होईल.

मेकॅनिकचे निदान निराधार म्हणता येणार नाही. या प्रकारच्या इंजिनात काही किंवा सर्वच सिलिंडरांना खास लिफ्टर असतात. तेलाच्या दाबाने त्यांतील खिळ सुटली की लिफ्टर स्वतःतच दबतो, व्हॉल्व्ह उघडत नाही आणि तो सिलिंडर काही काळ निष्क्रिय राहतो. खिळ पुन्हा नीट बसली नाही किंवा लिफ्टर अडकला, तर आधी आवाज, मग मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) आणि अखेर लिफ्टर हलवणाऱ्या कॅमशाफ्टची झीज, असा क्रम दिसतो. ही कल्पना नवी नाही. कॅडिलॅकने 1981 मध्ये असे इंजिन आणले होते आणि तेव्हाही अनेक मालकांनी ती यंत्रणा बंद करून घेतली होती. परंतु तुमच्या ट्रकमधला आवाज त्याच कारणाने येतो, हे अद्याप कोणीही इंजिन उघडून किंवा संगणकातील नोंदी वाचून ठरवलेले नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ही उणीव महत्त्वाची आहे.

आता बेकायदेशीरतेचा प्रश्न. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याच्या कलम 203(अ)(3) नुसार, उत्सर्जन नियमांच्या पूर्ततेसाठी वाहनात बसवलेले कोणतेही उपकरण किंवा ‘रचनेचा घटक’ जाणूनबुजून काढणे अथवा निकामी करणे निषिद्ध आहे. पूर्वी हे बंधन उत्पादक, विक्रेते आणि गॅरेज यांच्यापुरते होते. 1990 च्या दुरुस्तीनंतर ते ‘कोणत्याही व्यक्ती’ला, म्हणजे स्वतःच्या वाहनावर स्वतः काम करणाऱ्या मालकालाही लागू झाले. ज्याचा मुख्य परिणाम असा घटक निकामी करणे हा आहे, तो भाग विकणे किंवा बसवणे याच कलमाने स्वतंत्रपणे निषिद्ध ठरते.

यावर मेकॅनिक म्हणेल, की ही यंत्रणा धूर कमी करण्यासाठी नसून मायलेजसाठी आहे. हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. कंपनीच्या वाहनांनी गाठायच्या सरासरी मायलेजचा 1975 पासूनचा कायदा फक्त उत्पादकांना बांधतो. तुमच्या ट्रकचे मायलेज घटले म्हणून त्या कायद्याखाली तुम्हाला कोणी जाब विचारणार नाही. मात्र 2012 च्या मॉडेल वर्षापासून हलक्या वाहनांच्या कार्बन डायऑक्साइडची मानके स्वच्छ हवा कायद्याखाली आली, आणि पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, इंजिनाला जे प्रमाणपत्र देते ते त्याच्या संपूर्ण रचनेला देते. नियमांतील ‘रचनेचा घटक’ ही व्याख्या इतकी रुंद आहे, की तीत संगणकाचे सॉफ्टवेअर, त्यातील तर्क आणि कॅलिब्रेशन, म्हणजे इंजिन-नियंत्रणासाठी ठरवलेली मूल्येसुद्धा बसतात. ही मानके मागे घेण्याचा प्रस्ताव ईपीएने जुलै 2025 मध्ये मांडला आणि फेब्रुवारी 2026 मध्ये ती मागेही घेतली, हे खरे. पण तुमचे इंजिन विकले गेले त्या वेळी ज्या रचनेला प्रमाणपत्र मिळाले होते तिच्याकडे कायदा पाहतो, शिवाय नायट्रोजन ऑक्साइड व हायड्रोकार्बनची मानके वेगळीच आहेत. वॉशिंग्टनमधील बातम्या वाचून गॅरेजमध्ये निर्णय घेऊ नये.

येथे एक उदाहरण तुम्हाला ऐकवले जाण्याची शक्यता आहे. 2021 मध्ये चिपांच्या तुटवड्यामुळे जनरल मोटर्सने आपले काही 5.3 लिटरचे पिकअप या यंत्रणेचे मॉड्यूल न बसवताच बाजारात आणले आणि त्यामुळे मायलेज सुमारे 1 मैल प्रति गॅलनने घटेल, असे जाहीर केले. ‘कंपनीला चालते, मग मला का नाही?’ असे कोणालाही वाटेल. तांत्रिक बाजूने त्यात अर्थ आहेच : यंत्रणेविना ते इंजिन चालू शकते, हे कंपनीनेच दाखवून दिले. कायदेशीर बाजूने मात्र उत्पादकाला तशा रचनेसाठी प्रमाणपत्राची जबाबदारी पार पाडावी लागते. मालकाने खरेदीनंतर केलेल्या बदलामागे असे काहीही नसते.

पोर्टमध्ये लावायचे उपकरण आणि मुळातून काढणे, या दोन उपायांत कायद्याने आणि व्यवहाराने बराच फरक आहे. उपकरण इंजिनाच्या संगणकाला सर्व आठ सिलिंडर चालू ठेवण्याचा संदेश देते आणि उपसले की पूर्वस्थिती येते. परंतु ते खास लिफ्टर आतच राहतात, त्यामुळे आधीच झिजलेला लिफ्टर त्याने दुरुस्त होत नाही. असे उपकरण घ्यायचेच असेल, तर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा, म्हणजे कार्बचा, कार्यकारी आदेश क्रमांक विक्रेत्याकडून लेखी मागा आणि तो तुमच्या मॉडेल वर्षाला व इंजिनाला लागू आहे का, हे मंडळाच्या यादीत स्वतः पाहा. बदलामुळे उत्सर्जन वाढत नाही असे मानण्यास वाजवी आधार म्हणून ईपीए असा आदेश सामान्यतः स्वीकारते. ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असे वेष्टणावर छापलेले असेल, तर रस्त्यावरच्या ट्रकसाठी ते उपकरण घेऊ नये. ते वाक्य विक्रेत्याने स्वतःच्या बचावासाठी छापलेले असते, तुमच्या नव्हे.

मुळातून काढणे म्हणजे लिफ्टर, कॅमशाफ्ट, वरचे झाकण बदलणे आणि संगणकात नवे ट्यून, म्हणजे बदललेले नियंत्रण-सॉफ्टवेअर, भरणे. याला तात्पुरती दुरुस्ती म्हणता येत नाही. दुरुस्तीसाठी एखादा घटक काही काळ निकामी करण्याची सवलत कायद्यात आहे, पण काम संपल्यावर तो पुन्हा नीट चालू झाला पाहिजे, ही तिची अट आहे.

दंडाचे वास्तवही सांगितले पाहिजे. मूळ कायद्यात उत्पादक व डीलर यांना प्रत्येक उल्लंघनामागे 25,000 डॉलर आणि इतरांना 2,500 डॉलर अशी कमाल मर्यादा आहे. महागाईनुसार वाढत जाऊन या रकमा आता दुपटीहून अधिक झाल्या आहेत. ईपीएच्या कारवाईचा रोख मुख्यतः अशी उपकरणे बनवणारे, विकणारे आणि बसवणारे यांच्यावर राहिला आहे. म्हणून एकट्या मालकाच्या दारात अधिकारी येण्याची शक्यता मी फार मानत नाही. तुमच्या मेकॅनिकचा धोका मात्र तुमच्यापेक्षा मोठा आहे, आणि नेमक्या याच कारणाने तो केलेले काम बिलावर लिहिण्यास नाखूश असेल. बिल नसेल आणि इंजिन बिघडले, तर त्याच्याविरुद्ध दाद मागताना तुमच्या हाती काहीच उरणार नाही.

टेक्सासने 1 जानेवारी 2025 पासून खासगी वाहनांची सुरक्षा तपासणी बंद केली असली, तरी 17 काउंट्यांमध्ये उत्सर्जन चाचणी कायम आहे आणि फोर्ट बेंड त्यांपैकी एक आहे. चाचणी त्याच पोर्टमधून होते, त्यामुळे उपकरण काढावेच लागेल. चांगल्या ट्यूनचा ट्रक चाचणीत पास होऊही शकतो. परंतु पास होणे म्हणजे बदल कायदेशीर असल्याचा दाखला नव्हे.

आता वॉरंटी. सर्व्हिस ॲडव्हायझरचे ‘काहीही लावले तर रद्द’ हे विधान कायद्याला धरून नाही. 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, कंपनी विशिष्ट ब्रँडचा भाग किंवा सेवा विनामूल्य देत नसेल, तर ती वापरण्याची अट घालून वॉरंटी अडवू शकत नाही, आणि ग्राहकाने बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी नाकारणे त्या कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला असे कंपनीने दाखवले, तर मात्र त्या बिघाडापुरती ती जबाबदारी नाकारू शकते. दारावरचे कुलूप बदलले म्हणून छताची वॉरंटी जात नाही. पण तुम्ही बदल करू पाहता तो थेट लिफ्टरांच्या नियंत्रणात आणि तुमचा दावाही लिफ्टरांचाच. कंपनीला कारण जोडण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. त्यातही ट्यून बदलल्याची खूण संगणकात राहते. कॅलिब्रेशनचा पडताळणी क्रमांक डीलर काही मिनिटांत वाचतो, आणि कॅलिब्रेशनमधील फेरफारामुळे झालेले नुकसान बहुतेक वॉरंटी-पुस्तिकांमध्ये वगळलेले असते. उपकरण लावून वापरायचे आणि डीलरकडे जाण्याआधी काढून ठेवायचे, हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो मानू नका. खोटी माहिती देऊन वॉरंटी मिळवणे हा वेगळा आणि अधिक गंभीर प्रश्न होईल.

मग करायचे काय? दोन भेटींच्या रिपेअर ऑर्डर, म्हणजे डीलरने दिलेल्या कामाच्या लेखी नोंदी, तुमच्याकडे आहेत का, आणि त्यांवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का, हे आज तपासा. अनेकदा सर्व्हिस ॲडव्हायझर तोंडी बोलतो आणि कागदावर फक्त तेल बदलल्याची नोंद राहते. तिसऱ्या वेळी ट्रक रात्रभर डीलरकडे ठेवा, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज त्यांनाच ऐकता येईल. आवाजाचे तारखेसह रेकॉर्डिंग करा. मिसफायरच्या नोंदी वाचून रिपेअर ऑर्डरवर लिहिण्याची मागणी करा. तेल वेळेवर आणि पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घातले, याच्या पावत्या जमवा, कारण लिफ्टरच्या दाव्यात कंपनीचा पहिला आक्षेप देखभालीवर असतो. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलची सर्व्हिस बुलेटिने, म्हणजे कंपनीने डीलरांना पाठवलेल्या दुरुस्ती-सूचना, सापडतात. आवाजाविषयी एखादे असेल, तर ते छापून सोबत न्या. त्यानंतर कंपनीला, केवळ डीलरला नव्हे, पोच मिळेल अशा टपालाने लेखी कळवा. मुदतीत लेखी नोंदवलेला दोष ‘आता वॉरंटी संपली’ म्हणून झटकणे पुढे कंपनीला कठीण जाते.

टेक्सासच्या सदोष नव्या वाहनांसाठीच्या ‘लेमन’ कायद्याखाली ट्रक परत घ्यायला लावण्याची मुदत तुमच्या बाबतीत उलटून गेली आहे, कारण तिचा हिशेब पहिल्या 24 महिन्यांशी किंवा 24,000 मैलांशी आणि त्यानंतरच्या 6 महिन्यांशी बांधलेला आहे. परंतु त्याच राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे, उत्पादकाच्या वॉरंटीत येणारा दोष दुरुस्त होत नाही अशी स्वतंत्र तक्रार करता येते आणि विभाग दुरुस्तीचा आदेश देऊ शकतो. तुमच्यासाठी हाच रस्ता मला सर्वांत स्वस्त वाटतो. फसव्या व्यापारी प्रथांविरुद्धच्या राज्य कायद्याखाली दावा लावायचा झाल्यास 60 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि मुदत साधारणपणे 2 वर्षांची असते. त्या टप्प्यावर मात्र टेक्सासमधील ग्राहक कायद्याच्या वकिलाला कागद दाखवूनच पाऊल टाका.

दरम्यान, कंपनीनेच दिलेली सोय वापरण्यास कोणताही अडसर नाही. काही ट्रकांमध्ये टो-हॉल मोड, म्हणजे जड भार ओढण्यासाठीची सेटिंग, लावला किंवा हाताने गिअरची मर्यादा ठरवली, तर सिलिंडर बंद होत नाहीत. तुमच्या पुस्तिकेत तशी सोय असेल, तर ती वापरणे म्हणजे फेरफार नव्हे.

विक्रीविषयी : वॉरंटी संपल्यानंतर तुम्ही बदल केलाच, तर खरेदीदाराला तो लेखी सांगा आणि विक्रीपत्रावर त्याची सही घ्या. माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट सौदा व्हावा म्हणून दडवणे हेच फसव्या व्यापारी प्रथांविरुद्धच्या राज्य कायद्याखाली फसवी प्रथा ठरू शकते. एक मात्र लक्षात ठेवा, की सांगितल्याने मूळ बदल कायदेशीर होत नाही. ट्रक कॅलिफोर्नियात जाणार असेल तर अडचण आणखी वाढते, कारण तेथील तपासणीत कार्बचा आदेश नसलेला भाग दिसला की वाहन नापास होते. बदल न करता विकणार असाल, तर त्या दोन रिपेअर ऑर्डर खरेदीदारापासून लपवू नका.