समुद्रासाठी हवा भरून फुगवायची मोटरबोट घ्यायची आहे. तिचं कापड पीव्हीसीचं (प्लास्टिकचा थर असलेलं) घ्यावं की हायपॅलॉनचं (कृत्रिम रबराचा थर असलेलं)?

रोज कामाला लावणार आणि उन्हातच ठेवणार असाल तर हायपॅलॉन. ऊन आणि पेट्रोलचे शिंतोडे ते जास्त वर्षं सोसतं. अधूनमधून सहलीला काढायची असेल तर पीव्हीसी पुरे, स्वस्तही पडते.

पण माझ्या मते कापडाआधी तळ बघा. लाटांत वेगानं जायचं तर फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमचा व्ही आकाराचा कडक तळच हवा. सपाट तळ प्रत्येक लाटेवर आपटतो आणि पाठ धरते. बाजूच्या फुगवलेल्या नळ्यांत हवेचे कप्पे वेगवेगळे असावेत, म्हणजे एक फाटला तरी बोट तरंगते. दाब साधारण 0.25 बार, नेमका आकडा बोटीवर असतो. उन्हात हवा प्रसरण पावते, पाण्यात थंड होऊन दाब उतरतो, म्हणून बोट पाण्यात उतरवल्यावर दाब पुन्हा मोजा.

चालक पडला की इंजिन बंद करणारी दोरी मात्र अंगाला अडकवल्याशिवाय निघू नका.