हरिकेनचा मार्ग चार-पाच दिवस आधी कळतो, मग अमेरिकेतले लोक वेळेवर घर सोडून का जात नाहीत?

अगदी हाच प्रश्न 2017 मध्ये माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला पुण्याहून फोनवर विचारला होता. तेव्हा मी कार्पेट कापून बाहेर ओढत होते, उत्तर द्यायचं त्राण नव्हतं. आज देते.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिम भागात, बफेलो बायूपासून चार गल्ल्या आत राहतो. बायू म्हणजे इथला संथ ओढा. हार्वी वादळ 25 ऑगस्टच्या रात्री रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आलं, पाचांपैकी चौथ्या श्रेणीचं, ताशी 215 किलोमीटर वारा. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचं केंद्र, आमच्यापासून अडीचशे किलोमीटरवर रॉकपोर्टला. दादाचा लगेच फोन, "सुटलात गं, डोळा तिकडे गेला." मीही "हो रे, सुटलो" म्हणाले. त्या "हो"चं मला अजून वाईट वाटतं.

टीव्हीवरच्या नकाशात जो शंकू दाखवतात तो फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल ते सांगतो, आणि केंद्र त्या शंकूत राहतं तेही साधारण तीनातल्या दोन वेळा. पाऊस किती पडेल, वादळ एका जागी किती दिवस मुक्काम ठोकेल, हे त्यात नसतं. हार्वी तर कॅरिबियनमध्ये विरूनच गेलं होतं. युकातान द्वीपकल्प ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरलं, कोमट पाण्यावर दोन-अडीच दिवसांत राक्षस झालं, आणि जमिनीवर आल्यावर त्याला पुढे ढकलणारा वाराच वरच्या थरात उरला नाही. घुटमळलं, पुन्हा समुद्रावर गेलं, 30 तारखेला लुइझियानात कॅमेरॉनजवळ परत किनाऱ्याला लागलं. तोवर नेदरलँड नावाच्या टेक्सासमधल्या गावात 1539 मिलिमीटर पाऊस झाला होता.

27 तारखेला, रविवारी रात्रीपर्यंत आमचं घर कोरडं होतं. मग शहराच्या रक्षणासाठी 1940च्या दशकात बांधलेल्या अ‍ॅडिक्स आणि बार्कर या दोन मातीच्या धरणांतून तीच मध्यरात्र उलटून सोमवार लागल्यावर पाणी सोडायला सुरुवात झाली. सोडलं नसतं तर धरणांच्या मागच्या वस्त्यांत आणखी चढलं असतं, हे मला मान्य आहे. तरी त्या रात्री आपल्या घरात उभं राहून ते मान्य करणं फार जड जातं. पाणी दारातून नाही आलं. आधी खालच्या बाथरूमचा कमोड बुडबुडायला लागला, मग भिंतीच्या कडेने फरशीच्या सांध्यांतून ओल वर आली, अगदी नितळ. कार्पेट फुगून पायाखाली डचमळायला लागलं. आम्ही देव वर नेले, तांदळाच्या पिशव्या नेल्या, मुलीची पुस्तकं नेली. आईने लग्नात दिलेली सागवानी पेटी दोघांनाही उचलेना, ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर टेकवली. बुधवारी लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात घरात कमरेएवढं पाणी. पाचवी पायरी बुडाली होती. लुइझियानातून स्वतःची मासेमारीची बोट घेऊन आलेल्या दोन अनोळखी माणसांनी आम्हाला बाहेर काढलं.

"इशारा असून गेला का नाहीत?" कारण शहराने जायला सांगितलंच नव्हतं, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. 2005 मध्ये रीटा वादळाच्या भीतीने लाखो लोक एकदम निघाले, तासन् तास उन्हात गाड्या अडकल्या, एका बसला आग लागून वृद्धाश्रमातली 23 माणसं गेली. टेक्सासमध्ये वादळापेक्षा त्या पळापळीत जास्त माणसं दगावली. पाण्याखालच्या रस्त्यावर गाडीत अडकण्यापेक्षा घराचा वरचा मजला बरा.

आणि दादा, 26 जुलै 2005 ला तू कलिन्याच्या ऑफिसात दोन रात्री टेबलावर झोपलास. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता. तुला आपल्यापैकी कुणी विचारलं का, की सकाळीच मुंबई सोडून का नाही गेलास?

ह्यूस्टन ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं, त्यातली दोन तृतीयांश घरं शंभर वर्षांच्या पूररेषेच्या, म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराच्या हद्दीच्या, बाहेर होती. आमचंही बाहेर. विम्याच्या एजंटने "तुम्हाला पुराचा विमा कशाला?" म्हटलं आणि आम्ही ऐकलं, इथेच फसलो. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी विमा साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाला नाव पडल्यावर धावून उपयोग नाही. टेक्सास, फ्लोरिडा, लुइझियाना, कुठेही घर घेताय तर पूररेषा न बघता विमा घ्या.

हे सगळं आमच्यासारख्या किनाऱ्यापासून आत राहणाऱ्यांचं. गॅल्व्हेस्टनसारख्या ऐन किनाऱ्यावरच्या ठिकाणी समुद्रच आत येतो. तिथे प्रशासनाने जा म्हटलं की निघायचं, माझं उदाहरण देऊन थांबायचं नाही. आणि पावसाचा अंदाज वेगळा जाहीर होतो, हार्वीच्या वेळी तो झालाही होता. आम्ही शंकूच बघत बसलो, ही चूक आमची.

तुमचं कुणी तिकडे असेल तर डोळा किनाऱ्यावर आल्याच्या रात्री फोन करून थांबू नका. चौथ्या दिवशी करा, सहाव्या दिवशी करा. दादाचा दुसरा फोन आला तो दहाव्या दिवशी, हा प्रश्न घेऊन.